उतरायचं कुठं

मार्गशीर्ष अर्ध्यावर आला की झरीहून दादांचा फोन येतो. दादा म्हणजे माझे थोरले दीर. फोनवर ते हवापाण्याचं बोलत नाहीत, तब्येत विचारत नाहीत. "कणसं दुधात आली. या," एवढंच म्हणतात आणि ठेवतात. परभणीत आमच्याकडे स्वेटर तोवर बाहेर निघालेले असतात, सकाळी शाळेत जाताना कानाला रुमाल बांधलेला असतो, पण ती नुसती थंडी. दादांचा फोन आला की हुरड्याचे दिवस लागतात.

यंदाही गेलो. शेताच्या धुऱ्यालगत, बांधाशी खड्डा करून दादांनी आगटी पेटवली होती, गोवऱ्यांचा निळसर धूर ज्वारीच्या ताटांमधून वाट काढत चालला होता, आणि अक्का, माझ्या मोठ्या जाऊबाई, पाटीतली कणसं एकेक करून निखाऱ्यात खुपसत होत्या. त्या धुराच्या वासानं कुणाला गूळ आठवेल, कुणाला दही-चटणी. मला म्युनिक आठवलं. मग व्हिएन्ना, प्राग, व्हेनिस. मागच्या हिवाळ्यात ही सगळी शहरं मी याच आगटीभोवती बसून ऐकली, निवडली, सोडली, पुन्हा निवडली. त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. तरी भाजलेल्या कणसाचा वास आला की ती शहरं माझ्यासमोर येऊन उभी राहतात, आणि मी आजही त्यांच्यात तितकीच गोंधळते.

झालं असं की आमची लेक स्नेहल चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेली. शेतकीचं शिक्षण झालं, मग बियाण्यांवर संशोधन करायची संधी मिळाली. तिथं ती जवाच्या दाण्यांवर काम करते. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही आगटीपाशी असताना ती फोनवर म्हणाली, "आई, मे महिन्यात तुमी दोघं या. पंधरा दिवस. चार शहरं बघून होतील. तुला काय काय बघायचंय ते ठरव."

वाक्य साधं होतं, मराठी होतं, मी मराठीच शिकवते. पण तुला काय बघायचंय, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. वेरूळला मी कितीदा तरी गेले, शाळेच्या सहलीबरोबर. लेणी पाहिली असं म्हणता येत नाही, मुलं मोजली. हैदराबादला गेले ते नणंदेच्या ऑपरेशनला, तेव्हा दवाखाना पाहिला. तिरुपतीला सासूबाईंना घेऊन गेलो, तिथं त्यांच्या पायांकडं लक्ष. बघणं हे आपलं काम आहे, ते आपल्याला निवडायचं असतं, ही गोष्ट पन्नाशी उलटल्यावर माझ्यापुढे आली आणि मी कणीस धरलेल्या हातानं नुसती बसून राहिले.

आमच्या यांचं तसं नव्हतं. हे बसस्टँडवर कंट्रोलर होते. सगळं आयुष्य कोणती गाडी कुठून सुटते, कुठं थांबते, कुणाला कुठं उतरून कोणती गाडी धरायची, हे सांगण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर वर्षभर ते घरात हरवल्यासारखे वावरले होते. स्नेहलचा फोन झाला आणि त्यांना पुन्हा काम मिळालं. मोबाइलवर युरोपभरच्या रेल्वेगाड्यांचं वेळापत्रक दिसतं, हे त्यांना शेजारच्या मास्तरांनी दाखवलं. मग विचारूच नका. चहा पिताना हे मध्येच म्हणायचे, "व्हिएन्नाहून सकाळची धरली की जेवायला प्राग." जसं काही जिंतूरहून सेलू.

आणि सल्ले. आमच्या स्टाफरूममध्ये एकमत होतं की पॅरिस पाहिल्याशिवाय परत येणं म्हणजे गेलोच नाही म्हणण्यासारखं आहे. दादांना स्वित्झर्लंडच्या गायी बघायच्या होत्या; ते येणार नव्हते, पण आम्ही बघून यावं आणि कास केवढी असते ते नीट सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. अक्का म्हणायच्या, बर्फाला हात लावून ये. शेजारच्या मास्तरांनी रोमचं नाव काढलं आणि तिथल्या पडक्या इमारतींचं असं वर्णन केलं की हे म्हणाले, पडकं बघायला एवढ्या लांब कशाला. रोज कुणीतरी एक शहर आणून आमच्या ओसरीवर ठेवायचं. लोखंडी मनोरा कुठला, कललेला कुठला, घड्याळातून बाहुल्या निघतात तो कुठला, माझ्या डोक्यात सगळ्यांची अदलाबदल व्हायला लागली. वर्गात एकदा मी फळ्यावर 'प्राग' लिहिलं आणि मग 'प्रयोग' करून घेतलं.

मला स्वतःला एकच नाव पुन्हा पुन्हा खुणावायचं. व्हेनिस. आणि तेही नीट नाही. माझं माहेर राणीसावरगावचं, डोंगराकडेचं. उन्हाळ्यात आम्ही बहिणी विहिरीत उतरायचो, तळाशी झिरपणारं पाणी वाटीनं घागरीत भरायचो. वाटी खडकाला घासल्याचा आवाज अजून दातांत आहे. आणि इथं एक शहर अख्खं पाण्यात उभं. दारातून पाय टाकला की पाणी. ते बघून मला आनंद होईल की राग येईल, हेच मला कळेना. स्नेहलला हे सांगितलं तर ती हसली, म्हणाली, "दोन्ही होईल, आई. आपण जाऊ." मग तिनं तिथल्या होड्यांचं, अरुंद गल्ल्यांचं, पुलांचं असं काही वर्णन केलं की मी डोळे मिटून ऐकत बसले. कोणत्याही शहराबद्दल ती अशीच भरभरून बोलायची.

फक्त एका शहराबद्दल नाही.

ती जिथं राहते त्या गावाचं नाव हाले. आगटीपाशी पहिल्यांदा ते नाव निघालं तेव्हा दादा म्हणाले, "गावाचं नावच हाल? मग पोरीचे काय होत असतील?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना गाडीवर यांच्या मागं बसल्यावर तो शब्द माझ्या कानात राहिला.

हालेचं काही निघालं की स्नेहल म्हणायची, तिथं काय न्हाई बघण्यासारखं. आम्हीही ते खरं धरलं. परभणीला कुणी पाहुणा आला तर आम्ही तरी काय दाखवतो? पोखर्णीच्या नृसिंहाला नेऊन आणतो, येताना उसाचा रस पाजतो, झालं. आपलं गाव आपल्याला बघण्यासारखं वाटत नाही, हे काही नवल नव्हे.

यांच्या मात्र वेळापत्रकात ते आडवं आलं. एक दिवस हे मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "म्युनिकहून बर्लिनची गाडी बघायलोय. ती हालेला थांबते." मी म्हणाले, बरं मग. हे म्हणाले, "गाडी लेकीच्या गावात थांबते आन् आपण खिडकीतून बघत पुढं जायचं? असा कोणता रूट असतो?"

पुढच्या रविवारी यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, माझी खोली फार लहान आहे, तिघं मावणार नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणाली, मे महिन्यात मला गावाबाहेर शेतावर जावं लागतं, मी तिथं नसेनच. तिसऱ्यांदा विचारलं तर गावातला मुख्य रस्ता खोदून ठेवलाय म्हणाली. इतकी वर्षं मी मुलांमध्ये काढली आहेत. एका गोष्टीला तीन कारणं आली की खरं कारण चौथं असतं.

मग जो गोंधळ सुरू झाला तो शहरांच्या गोंधळाहून निराळा होता. यांना वाटलं, तिचं काम गेलंय आणि ती सांगत नाही. अक्कांना वाटलं, कुणीतरी तिच्या आयुष्यात आलंय. अक्का म्हणजे स्नेहलची मोठी आई. दर उन्हाळ्याची सुटी पोरीनं त्यांच्याच मांडीवर काढली. मला वाटलं होतं त्या रागावतील. पण चुलीपुढची लाकडं सारत त्या शांतपणे म्हणाल्या, असेल कुणी तर असू दे, आपण त्यालाही भेटून घेऊ, पोरीनं लपवायला नको. मला ते ऐकून धीर आला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण असं काही असू शकतं हे मी तोवर मनात येऊ दिलं नव्हतं.

मी फोनवर तिच्यामागची खोली बघायला लागले. आधी मी तिचा चेहरा बघायचे. वाळली का, डोळ्यांखाली काळं आलंय का. आता चेहऱ्यामागं बघायचे. पांढरी भिंत. एक कप. खिडकी, तिच्यात राखाडी उजेड. दर रविवारी तीच भिंत, तोच कप. दुसरा कप दिसतो का म्हणून मी बघत होते, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे पण खरी आहे. दुसरा कप कधी दिसला नाही. मग हळूहळू दुसरंच एक लक्षात आलं. आमच्याकडून फोन लागला की इकडं कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, अक्का मध्येच तोंड घालून बोलणार, शेजारीण 'कोण, स्नेहल का?' म्हणत आत येणार. तिच्याकडून फक्त तिचा आवाज यायचा. मागं कुणी दार लोटत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. फोन इकडं ठेवला की तिकडं काय उरत असेल, हे मी पहिल्यांदा मनात आणलं. आणलं आणि बाजूला सारलं.

भोगीच्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, गाजरं, वांगी. पेपरवर सगळा हिरवा पसारा. हे बाहेर गेले होते. स्नेहलला सुटी होती म्हणून तिला फोन लावला आणि मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. माझं आपलं चाललं होतं. यंदा हळदीकुंकवाला वाणात काय द्यायचं, कोण कोण येणार. वरच्या मजल्यावरच्या ताई, शाळेतल्या चौघी, समोरच्या बौद्धवाड्यातल्या माझ्या दोन मैत्रिणी, ज्यांना हळदीकुंकू नको असतं पण तिळगूळ आणि गप्पा हव्या असतात, शिवाय अक्का गावाकडून दोघी-तिघींना घेऊन येणारच. मी नावं घेत गेले. तिकडून 'हूं' यायचं तेही बंद झालं. मला वाटलं फोन अडकला. मान वर करून पाहिलं तर ती हलत होती, भरले डोळे मिटत-उघडत होती.

मी विचारलं, "स्नेहल, तुझ्या गावाला आमी कामून यायचं न्हाई?"

ती म्हणाली, "आई, तुमी आलात तर मी तुमाला कुणाच्या घरी नेऊ?"

मला कळलं नाही. मी तसं म्हणाले.

मग ती बोलत गेली. तिनं सांगितलं, तीन वर्षं झाली, इथं एकाही घराच्या दाराची घंटा तिनं वाजवलेली नाही. कामावरची माणसं चांगली आहेत, बोलतात, हसतात, पाच वाजले की आपापल्या घरी जातात. जिन्यात शेजारी भेटले की नमस्कार होतो, दार बंद होतं. आणि तुमी येणार, तुमी विचारणार, तुझी मैत्रीण कोण, शेजारीण कशी हाय, चल की त्यांच्याकडं. "पॅरिसमध्ये सगळेच परके असतात, आई. तिथं मी तुमच्यासंगट उभी राहिले तर काही दिसणार न्हाई. इथं दिसंल."

माझ्या हातात शेंग होती. ती सोलायची की ठेवायची हेही मला सुचेना.

आमच्याकडे पाहुण्याला गाव दाखवायचं म्हणजे माणसं दाखवायची असतात. मी लग्न होऊन झरीला आले, तेव्हा महिनाभरानं माझी आई मला बघायला आली होती. सासूबाईंनी तिला देऊळ दाखवलं नाही की शेत दाखवलं नाही. हात धरून घरोघर नेलं. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी 'ही आमच्या सुमनची आई'. संध्याकाळपर्यंत आईचं पोट चहानं डबडबलं. पण परतीच्या गाडीत बसताना ती निश्चिंत होती. लेक कुठं पडली आहे ते तिनं पाहिलं होतं. भिंती पाहिल्या नव्हत्या, माणसं पाहिली होती. स्नेहलला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते तिच्या अंगात होतं. म्हणून तर ती आम्हाला चार शहरं दाखवायला निघाली होती, सगळी सुंदर, सगळी लांबची. आपलं गाव तेवढं झाकून.

हे घरी आल्यावर मी सांगितलं. ऐकून यांनी बाहेर जाऊन दस्तीनं गाडीची सीट पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. आत येऊन म्हणाले, "परत आणू तिला." मी म्हणाले, तिला काम आवडतं. हे म्हणाले, मग एकटी ठेवायची का? मी म्हणाले, नाही. मग काय करायचं? मला माहीत नव्हतं. तिला कामाचा कंटाळा नव्हता, संध्याकाळचा होता; आणि त्यावर उपाय इथं बसून कुणाला सुचणार? संक्रांतीला बायका आल्या, मी हसून तिळगूळ वाटला, आणि एकेकीचा चेहरा बघताना माझ्या मनात येत होतं, यातली एखादी तरी तिकडं पाठवता आली असती तर.

त्यानंतरच्या रविवारी झरीला आगटीपाशी आम्ही पुन्हा बसलो. व्हिसासाठी कुठं किती दिवस राहणार हे आधी सांगावं लागतं, त्यामुळे ठरवणं भाग होतं. दादा पुन्हा गायींवर आले. अक्का निखारे सारत राहिल्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. यांनी हातातलं चोळलेलं कणीस खाली ठेवलं आणि मोठ्यानं, अगदी स्टँडवर घोषणा करायचे त्या आवाजात म्हणाले, बाकीचे सगळे थांबे रद्द. पंधराही दिवस हाले.

स्नेहल फोनवर चिडली. रडलीही. इतक्या लांब येऊन कुणी हालेत बसतं का, लोक काय म्हणतील, मी तुम्हाला पॅरिस दाखवायचं कधीपासून मनात धरलं होतं. तिचं खोटं नव्हतं. माझ्याही डोळ्यांपुढून व्हेनिस हलेना. आपण तिला जपतो आहोत की तिच्या दुखऱ्या जागेवर जाऊन बसतो आहोत, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणाले, "काही न्हाई तर काही न्हाई बघू. पण उतरायचं तिथंच."

स्टाफरूममध्ये सांगितलं तर एकीनं विचारलं, हाले म्हणजे पॅरिसच्या जवळ आहे का?

मे महिन्यात इकडं परभणीत रस्त्यावरचं डांबर मऊ होतं. तिकडं रस्त्याकडेच्या थोराड झाडांवर पांढऱ्या फुलांचे उभे तुरे आले होते, आणि लोक कोवळ्या उन्हात भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसत होते. मुख्य रस्ता कुठंही खोदलेला नव्हता. चौकात चार मनोऱ्यांचं चर्च, त्याच्यासमोर वेगळा उभा असलेला एक मनोरा, त्यांच्या पायथ्याशी भाजीबाजार. मुळ्यासारखी दिसणारी पांढरी जाड देठं जुड्या बांधून विकायला होती. यांनी मुळा समजून घेतली आणि घरी आल्यावर कच्चं खाऊन तोंड वाकडं केलं. खोली लहान होती हे मात्र खरं. आम्ही दोघं पलंगावर, ती खाली. पांढरी भिंत समोर आली तेव्हा मी तिला हात लावून पाहिला.

सगळ्यात मला जड गेली ती संध्याकाळ. ती संपतच नाही. सहा वाजतात, सात वाजतात, आठ वाजतात, उजेड तसाच. पाचला काम सुटलेल्या माणसानं एवढ्या लांबलचक उजेडाचं करायचं काय? आमच्याकडे दिवा लागला की दिवस संपला असं तरी म्हणता येतं. मी खिडकीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्या बघत बसायचे आणि इतकी वर्षं तिनं हेच पाहिलं असेल, असं मनात यायचं.

स्नेहल कामावर गेली की हे खाली ट्रामच्या थांब्यावर जायचे. कुठं जायचं नसे. हात मागं बांधून उभं राहायचं, ट्राम वेळेवर येते का बघायचं आणि वर येऊन मला सांगायचं, एक मिनिट लेट होती. तिथल्या बाकावर रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन बसायचे. त्यांची बायको सकाळी याच थांब्यावरून बहिणीकडे जायची, परत येताना तिला उतरवून घ्यायला ते येत. यांनी पहिल्या दिवशी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी खिशातले फुटाणे पुढं केले. त्यांनी एक उचलून वास घेतला, चावला आणि पुन्हा हात पुढं केला. भाषा काहीच नाही. हे मराठीत बोलायचे, ते जर्मनमध्ये, आणि ट्राम दिसली की दोघंही उठून उभे राहायचे.

एका शनिवारी दुपारी घंटा वाजली. स्नेहलनं न्हाऊन केसांना टॉवेल गुंडाळला होता. तिनं दार उघडलं तर जिन्यात हे, आणि यांच्यामागं ते गृहस्थ आणि त्यांची बायको. हे म्हणाले, "पाहुणे आलेत. चहा टाक."

तिची तारांबळ उडाली ती मी विसरणार नाही. खोलीत खुर्ची एकच. कप तीन. मी पाण्याच्या ग्लासात चहा दिला, आल्याचा, चांगला उकळलेला. त्या गृहस्थांचं नाव ग्युंटर, बाईंचं हेल्गा. हे विचारायचे, तुमच्याकडे जमीन किती? स्नेहल जर्मनमध्ये विचारायची. ते सांगायचे, जमीन नाही, घरामागं चार वाफे आहेत. स्नेहल मराठीत सांगायची. असं इकडून तिकडं करता करता तिच्या डोक्यावरचा टॉवेल सुटून खांद्यावर आला, तिला कळलंही नाही.

मग हेल्गाबाई तिच्याकडे बघून काही बोलल्या. स्नेहल थांबली. हे म्हणाले, काय म्हणतात त्या?

स्नेहल म्हणाली, "त्या म्हणायल्यात की मला थांब्यावर रोज बघतात. कधीपासून. माझ्या कानात नेहमी हेडफोन घातलेले असतात... त्यांना वाटायचं, या पोरीला कुणाशी बोलायचं नसतं."

स्नेहल खांद्यावरचा टॉवेल आवरायला लागली. हेल्गाबाईंना वाटलं आपण काही वावगं बोललो. त्यांनी पुढं होऊन स्नेहलच्या हातावर हात ठेवला. स्नेहल रोज त्यांच्यासमोरून गेली होती, त्या रोज तिच्यासमोर बसल्या होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की समोरचीला आपण नको आहोत. यात चूक कुणाची, हे मला सांगता येणार नाही. मी ग्लासात आणखी चहा ओतला.

निघायच्या आदल्या रविवारी त्यांच्याकडे बोलावणं होतं. त्यांच्या दारापाशी पोचल्यावर हे नेहमीप्रमाणे पुढं सरसावले. मी त्यांची बाही धरली. स्नेहलनं पुढं होऊन घंटा वाजवली. आंबाडीसारख्या आंबट देठांचा केक होता, त्यावर साखर. ग्युंटरनी यांना आपले चार वाफे दाखवले. हे वाकून माती हातात घेऊन बघत होते. मी आणि हेल्गाबाई एकमेकींकडे बघून हसत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

परत आलो तेव्हा स्टाफरूममध्ये पॅरिसचे फोटो मागितले. मी चार मनोऱ्यांचं चर्च दाखवलं. दादांना गायीची कास सांगता आली नाही. अक्कांचा बर्फ राहिला. आणि माझं व्हेनिस राहिलं, खरंच राहिलं; पुन्हा जाणं होईल की नाही कुणाला ठाऊक, आणि मन मोठं करून मला त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही. मधूनच एखाद्या दुपारी पाण्यातून जाणारी एखादी गल्ली डोळ्यांपुढं येते आणि थोडं चुरचुरतं.

यंदा झरीला गेलो तो रविवार होता. आगटीपाशी रेंज बरी मिळते म्हणून मी तिथूनच स्नेहलला फोन लावला. मला पुष्कळ सांगायचं होतं. दादांच्या गुडघ्याचं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं, यंदाच्या दाण्याच्या गोडीचं. तिनं फोन उचलला तोच बूट घालता घालता. मागून गाडीचा की वाऱ्याचा आवाज येत होता, कुणीतरी जिन्यातून तिला हाक मारली, तिचं नाव मोडून, भलत्याच सुरात. ती त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडून हसली. मला एक अक्षर कळलं नाही. मग मला म्हणाली, नाताळची बिस्किटं करायला हेल्गाबाईंकडे जायचंय, आणखी दोघीजणी येणार आहेत, उशीर झालाय. "आई, ठेवते. उद्या बोलू." मी हो म्हणायच्या आत फोन बंद झाला.

आजवर फोन नेहमी मी ठेवायचे. आणखी थोडं बोल ना, असं ती म्हणायची आणि मी म्हणायचे, भाकरी टाकायच्यात. मी बंद झालेल्या फोनकडे बघत राहिले. मला बरं वाटलं होतं. आणि कुठंतरी लागलंही होतं. कोणतं जास्त, ते काही केल्या ठरेना.

अक्कांनी निखाऱ्यातून कणीस ओढलं, माझ्याकडं पाहिलं. "काय गं सुमन, इतक्यात ठेवला?"

"घाईत हाय," मी म्हणाले. "तिकडं कुणीतरी वाट बघायलंय तिची."